भिवाजीची काठी

'व्ह्यू' हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं फिरतं. हल्ली आमच्याकडे जागा बघायला येणारी माणसं नळाला पाणी किती वेळ येतं ते नंतर विचारतात, आधी व्ह्यू काय आहे ते विचारतात. विचारोत बिचारी. मला मात्र त्या शब्दासरशी हौसाबाई आठवते, आणि हौसाबाई आठवली की आजही अंगाचा तिळपापड होतो.

हौसाबाई ठाकुर्लीजवळच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. मी तिथल्या वीजघरात फिटर होतो. वीजघराच्या मागे आमची चाळ, बहुतेक बिऱ्हाडं आम्हा बौद्धांची. रोज सकाळी माशांची पाटी डोक्यावर घेऊन ही बाई चाळीत शिरायची ती भांडायच्या तयारीनेच. माझी बायको मंजुळा भाव पाडून मागायची, ती पाडू द्यायची नाही, आणि दोघींचा वेळ मजेत जायचा. "तुजा नवरा साऱ्या गावाचे दिवे लावतो, नि तुना माज्या पाटीतलं बोंबील ताजं दिसत नाय?" असं ती विचारायची. मंजुळा म्हणायची, "दिसतात ना, कालपासून दिसतायत." मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाई उंचीने बेताची, पण आवाज खाडीपलीकडे ऐकू जाईल असा. खोटं तिला खपायचं नाही. मासळी शिळी असली तर शिळी म्हणून सांगायची आणि मग ती घ्यायला लावायची.

आता जागा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं जागेमुळेच घडलं. आमच्याकडे रेल्वेची लाइन उंच भरावावरून जाते. भरावाच्या एका अंगाला वीजघर, आमच्या चाळी आणि गावदेवीचं देऊळ. दुसऱ्या अंगाला खाली उतरत गेलेला हिरवा माळ, माळाच्या कडेला कोळीवाडा आणि मग खाडी. तो माळ म्हणजे गोल्फचं मैदान. रेल्वेच्या इंग्रज इंजिनियरांनी स्वतःच्या करमणुकीसाठी केलेलं. लोक त्याला साहेबाचा माळ म्हणायचे. साहेब गेले, क्लब राहिला. गाडी मुंबईहून कल्याणकडे जाताना डाव्या हाताला तो माळ असा काही दिसायचा की पत्ते खेळणारेही मान वर करायचे.

माळाच्या मधोमध एक टेकडी होती आणि टेकडीवर एकच उंच ताड. क्लबाचा बंगला भरावाच्या अगदी पायथ्याशी, कारण साहेबांना गाडीतून उतरल्यावर फार चालायचं नव्हतं. त्यामुळे व्हरांड्यात बसलं की पाठीमागे गाड्यांचा खडखडाट आणि समोर टेकडी. खाडी दिसायचीच नाही. टेकडीपलीकडचं मैदानही दिसायचं नाही. मग खेळणारे ताडावर नेम धरून बॉल मारायचे, आणि टेकडीवर एक माणूस झेंडा घेऊन उभा असायचा, बॉल कुठे पडला ते दाखवायला. त्याला आगेवाला म्हणायचे. हौसाबाईचा नवरा दामाजी तरुणपणापासून तिथे आगेवाला होता.

व्हरांड्यातून काय दिसतं आणि गाडीतून काय दिसतं, याच्या गप्पा क्लबात पिढ्यान्पिढ्या झाल्या असतील. पाण्यावरून काय दिसतं हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. मलाही ते सहजच कळलं. एकदा दामाजीच्या होडीतून रेतीबंदरला गेलो होतो, परतताना पाहिलं. पाण्यावरून बघितलं की भराव म्हणजे एक सरळ काळी रेघ. तिच्या मागचं घर दिसत नाही, झाड दिसत नाही, देऊळ दिसत नाही. दिसतात दोनच गोष्टी. अलीकडे टेकडीवरचा ताड आणि पलीकडे, भरावाच्याही वर डोकं काढून, आमच्या वीजघराची चिमणी.

कोळीवाड्याच्या तोंडाशी पाण्यात एक मोठा खडक आहे. सुकतीला उघडा पडतो, भरतीला पाण्याखाली जातो आणि अगदी वरवर दबा धरून बसतो. गावाने त्याचं नाव ठेवलंय सासू. तिच्या एका बाजूने होडी जाईल एवढीच खोल वाट आहे. ती वाट कशी सापडायची, तर ताड आणि चिमणी एका रेषेत धरायची. खाडीतली पोरं चालायच्या आधी हे शिकतात: "ताडानं चिमनी झाकली, का सासू चुकली." चिमणी ताडाच्या डावीकडे दिसत असेल तरी धोका, उजवीकडे दिसत असेल तरी धोका. बरोबर मागे लपली की डोळे मिटून यावं. ठाण्यापासून वर येणाऱ्या, होडी हाकणाऱ्या प्रत्येक गावच्या तांडेलाला हे तोंडपाठ.

त्याआधी म्हणे खूण देवळाच्या शिखराची होती. रेल्वेने भराव घातला आणि देवी झाकली गेली. तेव्हा कोळीवाड्याच्या जुन्या माणसांनी जे केलं ते लक्षात ठेवा, कारण तीच या गोष्टीची किल्ली आहे. खाडीत एक चाल आहे. वाटेवरची खूण ज्या गावाची, ती पडली किंवा हलली, तर त्या गावाने होडी काढायची, खालच्या प्रत्येक बंदराला लागायचं, तिथल्या जाणत्याच्या हातात नारळ द्यायचा आणि सांगायचं की आमची खूण गेली, आता अमकी धरा. त्याला सांगावा म्हणतात. नारळ घेतल्यावर चुकला तर तो चुकणाऱ्याचा दोष. नारळच पोचला नसेल तर पाप खूणवाल्या गावाचं. भरावाच्या वेळी असे नारळ गेले आणि देवीच्या जागी ताड आला; पुढे वीजघर झालं तशी त्याच्या जोडीला चिमणी आली. म्हणजे रेल्वेने एकदा नजर अडवली, तर या लोकांनी कुरकुर न करता दुसरी नजर शोधली. इतकी शहाणी माणसं.

ऐंशीनंतर क्लबात नवे सभासद आले. बिल्डर, कंत्राटदार, मोहन्याकडच्या कारखान्यांतले बडे अधिकारी. क्लबाची शताब्दी जवळ आली होती. जुन्या लोकांना ताडावर नेम धरण्यात मौज वाटायची, नव्यांना व्हरांड्यात बसल्याबसल्या खाडी हवी होती. व्ह्यू. त्यांनी मुंबईहून कुणी तज्ज्ञ आणला. त्याने चहा पिता पिता सांगितलं की टेकडीचा माथा उतरवा आणि ताड बाजूला घ्या, म्हणजे चित्राला चौकट येईल. बुलडोझर लागला. टेकडी आठवडाभरात बसकी झाली. ताड मात्र त्यांनी कापला नाही. मुळांभोवती मोठा गोळा ठेवून तो क्रेनने उचलला आणि बराच उजवीकडे, मुद्दाम रचलेल्या मातीच्या उंचवट्यावर, पहिल्याइतक्याच उंचीवर नेऊन लावला. तारांनी ताणून बांधला. खाली पितळी पाटी ठोकली: ऐतिहासिक ताड.

कोळीवाड्यातली चार माणसं क्लबात गेली तेव्हा सेक्रेटरी हसतमुखाने म्हणाला, "अहो, तोच ताड आहे, तुमचाच. एक झावळीसुद्धा कापलेली नाही." या माणसाला आपण काय बोलतोय ते कळत नव्हतं असं काही जण म्हणतात. मी म्हणतो, त्याला कळून घ्यायचंच नव्हतं. मी उद्या रेल्वेचा सिग्नल दहा हात बाजूला लावला आणि म्हणालो, तोच दिवा आहे, तर मला तुरुंगात टाकतील की नाही?

पण नुसत्या क्लबावर राग काढून भागणार नाही. गावचा पाटील दाजी. क्लबाने त्याला गावदेवीच्या देवळासाठी लाद्या दिल्या, मांडवासाठी पत्रे दिले. दामाजीला आगेवाल्याच्या कामाऐवजी फाटकावर उभं केलं, खाकी कपडे आणि बिल्ल्याची टोपी दिली. दाजीने मान डोलावली. गावातल्या होड्या रोज ये-जा करणाऱ्या. ताड हलला तो त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांनी अंदाजाने वाट सांभाळली. सांगाव्याचं हौसाबाईने दाजीला विचारलं. दाजी म्हणाला, धाडू. मग म्हणाला, शिमगा होऊ दे. मग म्हणाला, आता इंजिनं आली, खुना बगतं कोन. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सांगावा पाठवायचा म्हणजे बंदराबंदराला जाऊन सांगायचं की लाद्यांच्या बदल्यात आम्ही आमची खूण देऊन टाकली. ते सांगायला तोंड कुठे होतं?

चैत्र संपता संपता हौसाबाईच्या मुलीचं, जनीचं लग्न निघालं. हौसाबाईचं माहेर कळव्याकडचं. तिचा थोरला भाऊ भिवाजी तिथला नावाजलेला तांडेल. हळदीच्या संध्याकाळी मामाचा आहेर घेऊन तो स्वतःच्या होडीने यायचा होता. सोबत त्याचा मुलगा धाकू, एका लेकराचा बाप. होडीत जनीचं लुगडं, तांदूळ, नारळ, केळीचे घड, आणि कोळ्यांच्या हळदीला लागते ती देवाच्या नावाने काढायची दारू, एका कॅनमध्ये. हा कॅन लक्षात ठेवा. पुढे सगळ्यांनी तोच लक्षात ठेवला.

मी आणि मंजुळा हळदीला गेलो होतो. बँजोवाले रंगात आले होते. पूर्ण भरती. ऊन पश्चिमेकडून तिरपं पडलेलं आणि त्या उन्हात ताड, नवीन जागचा, पितळेच्या पाटीचा, लख्ख उजळलेला. हौसाबाई हळदीने पिवळे झालेले हात घेऊन बंदरावर आली. वळणावर भिवाजीची होडी दिसली तशी ती हसली. मग होडी वळली, आणि बाईचा चेहरा मी पाहिला. होडीचं नाक कुठे आहे यावरून भावाची नजर कशावर आहे ते तिला उभ्या जागी कळलं. ती बांधावरून धावत सुटली. पदर काढून हलवायला लागली, ओरडायला लागली, "ताड सोड, भिवा, ताड सोड." बँजोच्या दणदणाटात ते आम्हालाच नीट ऐकू येत नव्हतं. भिवाजीला वाटलं बहीण आनंदाने पदर हलवतेय. त्याने सुकाणूवरचा एक हात उचलून उत्तर दिलं.

होडी पुऱ्या वेगाने सासूवर चढली आणि उलटली. धाकू पोहत आला. भिवाजीचं डोकं खडकावर आपटलं होतं. त्याला आणलं तेव्हा त्याच्यात काही राहिलं नव्हतं.

हे सगळं मी पाहिलं आहे. म्हणून दुसऱ्या दिवशीपासून जे सुरू झालं ते मला सहन होत नव्हतं. दारूचा कॅन वाहत वाहत नेमका साहेबाच्या माळाला जाऊन लागला. क्लबाच्या माणसांना तो सापडला आणि सगळ्यांची सोय झाली. तांडेल पिऊन तर्र होता. पंचनाम्यात तसं आलं, स्टेशनावर तसं बोललं गेलं, आणि महिन्याभरात कोळीवाड्यातली माणसंही तेच बोलायला लागली. ज्यांना ताडाची गोष्ट ठाऊक होती तीच माणसं. कारण भिवाजी प्यायलेला असला की दाजी मोकळा, गाव मोकळं, देवळातल्या लाद्या मोकळ्या. मेलेला माणूस काय, कुठलंही ओझं उचलतो.

भिवाजी पीत नव्हता असं मी म्हणत नाही. कोळी माणूस, सणावाराला घ्यायचा. पण हातात सुकाणू असताना त्याने थेंबही घेतला नव्हता, आणि कॅनचं बूच शाबूत होतं. ते बघायला कुणाला सवड होती? धाकू रडून सांगत होता, "बापूस बोलला, झाकली बग चिमनी, आता आत्याच्या दारात. त्येच बोलत व्हता." लोक म्हणायचे, पोरगा बापाची बाजू घेणारच. कळव्याकडे त्याच्या गावात कुणी त्याला सुकाणूवर बसू देईना. बेवड्याच्या पोराच्या हातात होडी कोण देईल? जनीचं लग्न पुढे गुपचूप उरकलं, तर सासरी पहिल्याच सणाला तिला मामावरून टोमणा मिळाला.

आणि यावर कळस म्हणजे क्लबाने कोळीवाड्यात व्यसनमुक्तीचं व्याख्यान ठेवलं. मोठा फलक लावला, त्यावर बाटली आणि बाटलीवर लाल फुली. सेक्रेटरी स्वतः आला, कळवळून बोलला. हौसाबाई मागे उभी होती. ती पुढे गेली, फलक खेचून खाली घेतला, घडी करून काखेत मारला आणि म्हणाली, "साहेब, ह्याचा मना पाटीखाली घ्यायला उपयोग व्हईल. तुमी आता ताडाला समजवा. त्यो जागा सोडून फिरतो." व्याख्यान तिथेच संपलं.

घरी दामाजी तिच्यावर वैतागला. नोकरी जाईल म्हणाला, गप बस म्हणाला. मी तिथेच बसलो होतो. हौसाबाई आवाज न चढवता बोलली, आणि ती आवाज न चढवता बोलली की समजावं. "जल्मभर टेकडीवं उबा राहून लोकांचा बॉल कुटं परला त्ये सांगत व्हतास. माजा भाऊस कुटं परला त्ये सांगाया तुजी जीब जर व्हते?" दामाजी टोपी हातात घेऊन बसून राहिला.

मी तिला म्हणालो, आपण अर्ज करू, मी लिहून देतो, कलेक्टरकडे जाऊ. मी युनियनचा माणूस, मला दुसरं काय सुचणार? ती म्हणाली, "सीतारामभाव, सरकारनं माज्या भावाला चांगला बोलून मना काय करायचाय? मना खाडीनं बोलाया पायजे." तिला हवं होतं ते एवढंच होतं. भिवाजी बरोबर आला होता, हे ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक बंदराने मान्य करावं. आणि त्याला एकच रस्ता होता, सांगावा.

ती गावकीच्या बैठकीत गेली आणि म्हणाली, सांगावा धाडा. दाजी म्हणाला, आता? मरन झाल्यावं? आता नारल धाडला तं पाप आमचं झालं असा व्हईल. ती म्हणाली, "तसाच हाय तं तसाच व्हऊ दे." बैठकीने नकार दिला. शिवाय बायका सांगाव्याचा नारळ नेत नाहीत, हेही वर ऐकवलं. पाटीभर मासळी घेऊन बायका कल्याणचा बाजार पालथा घालतात ते चालतं. नारळ तेवढा जड होतो.

भिवाजीच्या होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या होत्या त्या गोळा करून धाकू घेऊन गेला होता. डोलकाठी मात्र हौसाबाईच्या अंगणात पडून होती, चांगली उंच, सागाची. एका सकाळी, सुकतीला सासू उघडी पडलेली असताना, तिने वाड्यातल्या बायकांना हाक मारली. पुरुष बैठकीत पाटलाच्या बाजूने बसले होते, पण बायका आल्या. जुन्या टेकडीच्या खाली, क्लबाच्या कुंपणाबाहेर, खाजणाच्या, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या, कडेचा एक बांध आहे, जाळी वाळवायचा. तिथे त्यांनी ती डोलकाठी उभी धरली. हौसाबाई स्वतः होडीत बसून सासूशेजारच्या वाटेवर जाऊन थांबली. होडी वल्हवायला दामाजी होता. त्या दिवशी पहाटे त्याने बिल्ल्याची टोपी क्लबाच्या फाटकाला अडकवली होती आणि निघून आला होता. हौसाबाई पाण्यावरून हात करत होती, जरा इकडं, अजून जरा, आणि बायका काठी सरकवत होत्या. चिमणी काठीमागे गेली तसा तिने हात खाली केला. बायकांनी काठी तिथेच गाडली, दगडांनी पक्की केली आणि वर पांढरं फडकं बांधलं.

मग तिने होडीत नारळ भरले आणि मला म्हणाली, "चिमनी तुजी हाय. तू चल." मी रजा टाकून गेलो.

कोपर, दिवा, रेतीबंदर, काल्हेर, कशेळी. प्रत्येक बंदराला होडी लागली की आधी हसू, मग कुजबूज. बाई सांगावा घेऊन आलीय. ती उतरायची, जाणत्या माणसापुढे नारळ धरायची आणि तेच शब्द बोलायची. "आमच्या गावची खून हालली. आमी सांगावा दिला नाय. तुमचा-आमचा तांडेल भिवाजी आमच्या खुनेवं बरोबर आयला नि मेला. पाप आमच्या गावाचं. आता ताड सोरा, भिवाजीची काठी धरा." काल्हेरला एक म्हातारा बाईच्या हातचा नारळ घेईना. तिने त्याच्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नारळ ठेवला आणि म्हणाली, "पोचला. आता तू नाय घेतलास नि तुजा नातू बुडाला, तं मना सांगू नको." म्हाताऱ्याने नारळ उचलून कपाळाला लावला.

शेवटी माहेर. बंदरावर माणसं जमली होती, बातमी आमच्या पुढे गेलेली. भिवाजीची बायको सगुणा मागे ओट्यावर बसली होती, मोकळं कपाळ, हात मांडीवर. गावच्या जाणत्याने नारळासाठी हात पुढे केला. हौसाबाईने दिला नाही. ती सरळ ओट्यापाशी गेली, वहिनीपुढे उभी राहिली आणि तेच शब्द बोलली. या वेळी "भिवाजी बरोबर आयला" म्हणताना तिचा आवाज फाटला. इतक्या दिवसांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मलाही राहवलं नाही.

सगुणाने दोन्ही हातांनी नारळ घेतला. उठली, आमच्या होडीशी आली, नाळेवर फोडला. आणि साऱ्या गावासमोर मुलाला म्हणाली, "धाकू, सुकानूवं बस. आत्याला घरी सोरून ये."

परतीला भरती होती. धाकूने होडी आणली. वळणावर ताड दिसला, चमकत होता. हौसाबाई पुढे बसली होती, मागे वळून एकदाही तिने पाहिलं नाही. काठी चिमणीवर आली आणि सासू आमच्या बाजूने, पाण्याखालून, निमूट मागे गेली.

आता क्लबाचं ऐका. व्हरांड्यातून खाडी दिसायला लागली होती खरी. त्या खाडीच्या बरोबर मधोमध आता एक काठी उभी होती, वर कोळणींनी बांधलेलं पांढरं फडकं. शताब्दीला मोठे पाहुणे यायचे होते. सेक्रेटरी संतापला. म्हणाला, एवढा खर्च करून आम्ही व्ह्यू मोकळा केला आणि मध्येच हे काय. एका माणसाचा जीव गेला तेव्हा या गृहस्थाला राग आला नव्हता. फडकं दिसलं तेव्हा आला. त्याने दाजीला बोलावून सांगितलं, उद्याच्या उद्या ते काढ.

दाजी हौसाबाईच्या दारात आला. ती अंगणात मासळी निवडत होती. ती म्हणाली, "काड की. नारल सगल्या बंदरांवं पोचलंत. आज काटी काडलीस नि उद्या कोन सासूवं आपटला, तं त्यो तुज्या खात्यावं. आदी परत येकेका बंदराला जा, नि सांग का लाद्यांसाठी पयला ताड दिला, आता पत्र्यासाठी भिवाजी देतो." दाजीने काठीला हात लावला नाही. दुसऱ्याही कुणी लावला नाही. क्लबाने कुंपणाशी वेली चढवून बघितल्या, पडदा लावून बघितला. पडदा लावला की खाडीही झाकली जायची. शताब्दीच्या फोटोत ती काठी आहे. बरोबर मधे.

त्यांचा ऐतिहासिक ताड दोन उन्हाळ्यांत वाळला. पाटी अजून आहे म्हणतात. पंचनाम्यात भिवाजी आजही प्यायलेलाच आहे, त्याचं कुणी काही केलं नाही, आणि मी मेलो तरी माझा हा राग जायचा नाही.

पण नोकरी सुटल्यावर एकदा कोपरच्या बंदरावर बसलो होतो. एक कोळी आपल्या मुलीला होडीत बसवून खुणा शिकवत होता. त्याने भिवाजीला कधी पाहिलं नसेल, हौसाबाई त्याला ठाऊकही नसेल. मुलगी तिच्या बारक्या आवाजात बापामागून म्हणत होती:

"भिवाजीनं चिमनी झाकली, का सासू चुकली."